सूचक : मथुराबाई सावळे

विषय क्र. १ : उपस्थितांचे स्वागत करणे.

"अण्णा, यंदा आधी तुमची पंगत बसवायची," गोदामाच्या दारात उभ्या राहून मथुराबाई सावळे म्हणाल्या. "दरसाली तुम्ही मागून बसता अन् गार पोळी खाता. आमाला बरं नाई वाटत."

अण्णा म्हणजे किशनराव लोंढे. उमरदरीच्या हळद उत्पादक सहकारी संस्थेचे अध्यक्ष, सलग अकरा वर्षं. पुरणपोळीचं नाव ऐकून ते खुर्चीतून अर्धे उठले, मग पद आठवून परत बसले.

"अगं, पण अकराला सभा आहे."

"सभा काय पळून जायली का? पोळी मात्र तव्यावरून उतरायली."

चारही संचालक हसले. मीही हसलो. ते हसले की मी हसायचो. थोडा उशिरा, थोडा कमी. संस्थेच्या पगारी सचिवाला हे माप लवकर जमतं.

"श्रीरंग," अण्णा मला म्हणाले, "तू आहेस ना हितं?"

"आहे अण्णा."

"मग झालं तर. अकराची तहकूब कर. साडेअकराची उरकून टाक."

पाच माणसं धोतरं-पायजमे सावरत ओढा ओलांडून शाळेच्या मैदानाकडे निघाली. मथुराबाई त्यांच्या मागून चालल्या, गुरं घराकडे नेताना चालतात तशा. तेव्हा मला ते दिसलं नाही.

विषय क्र. २ : गणपूर्ती.

"उरकून टाक" म्हणजे काय, ते आधी सांगतो.

संस्थेचे तीनशे बारा सभासद. बहुतेकांची हळद वीस गुंठे, तीस गुंठे, फार तर एकर. कायदा म्हणतो की वर्षातून एकदा या सगळ्यांची सभा घ्या, कारभार त्यांच्यापुढे ठेवा. निदान त्रेसष्ट माणसं हजर पाहिजेत. नसतील तर सभा तहकूब. पण सभेच्या नोटिशीत तळाला एक वाक्य छापलेलं असतं: तहकूब झालेली सभा त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल आणि तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.

हे वाक्य ज्याने लिहिलं तो भला माणूस असणार. लोक आले नाहीत म्हणून संस्था अडून राहू नये, एवढंच त्याच्या मनात असेल. अण्णांनी त्या भल्या माणसाच्या वाक्यावर अकरा वर्षं राज्य केलं.

युक्ती साधी होती. सभा गोदामात. जेवण ओढ्यापलीकडे शाळेच्या मैदानात. दोन्हींची वेळ अकरा.

सभासद येत ते जेवायला. पंगतीच्या तोंडाशी मी टेबल टाकून बसायचो, भेटवस्तू वाटपाची वही पुढे करायचो, त्यात सही किंवा अंगठा घ्यायचो आणि स्टीलचा एक डबा द्यायचो. त्या वहीत अंगठा उठवला की आपण सभा केली, असं माणसांना वाटे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नसे. मग मी ओढा ओलांडून गोदामात यायचो. तिथे पाच जण तंबाखू चोळत बसलेले असत. अकरा वाजता आम्ही सभा तहकूब करायचो. साडेअकराला पाच जण एकमेकांकडे बघून "मंजूर" म्हणायचे, सगळ्या विषयांना मिळून एकदा. आवाज मोठा काढायची गरज नसे. मग ते जेवायला जायचे आणि गार पोळीबद्दल कुरकुरायचे.

त्या वर्षी डबे पंगतीत एका संचालकाचा भाऊ वाटत होता. त्यामुळे मी साडेदहापासून गोदामात होतो.

विषय क्र. ३ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

कायम केलं.

मागचं कशाला, त्या दिवशीचंही कायम झालेलं होतं. सभा अठ्ठावीस सप्टेंबरची. तिचं इतिवृत्त मी पंचवीस तारखेलाच लिहून ठेवलं होतं. शांतपणे, घरी, चहा पीत. "सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन खालीलप्रमाणे ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला." हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं होतं की 'सविस्तर' लिहिताना माझा हात आपोआप सुंदर वळायचा. बी.ए. मराठी. वय सव्वीस. तालुक्यात माझ्या अक्षराचं नाव होतं. त्या अक्षरात मी काय लिहितो, हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही.

प्रत्येक ठरावाखाली दोन नावं भरायची असतात. ठराव मांडणारा तो सूचक, त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. मी ती यादीतून घ्यायचो. यादीतली माणसं त्या वेळी भात कालवत असायची.

इतिवृत्ताच्या वहीला छापील पानक्रमांक होते. पान फाडता येत नव्हतं. हे लक्षात ठेवा म्हणत नाही. एवढंच की माझ्या उद्योगाला पानक्रमांकांचं भय वाटलं नव्हतं.

विषय क्र. ४ व ५.

गाळतो. ते सगळ्या संस्थांमध्ये सारखेच असतात आणि कुठेच कुणी वाचत नाही.

विषय क्र. ६ : संस्थेची यंत्रसामग्री भाडेपट्ट्याने देणेबाबत विचार करणे.

यंत्रसामग्री म्हणजे एक बॉयलर आणि एक पॉलिशचा ड्रम. बाकी संस्था म्हणजे मी, एक कपाट आणि एक बोर्ड.

हळद खणून काढली की ती चार दिवसांत शिजवावी लागते. राहिली तर रंग उतरतो, रंग उतरला की भाव उतरतो. वीस गुंठेवाल्याला स्वतःचा बॉयलर परवडत नाही. म्हणून संस्था होती. फेब्रुवारीत बॉयलरपुढे नंबर लागत, माणसं आपापल्या ढिगाजवळ बसून राहत, शिजवून घेत, वाळवत, मग हिंगोलीच्या बाजारात किंवा जिथे भाव बरा तिथे नेत.

हा बॉयलर नऊ वर्षांसाठी अण्णांच्या मेहुण्याला द्यायचा होता. मेहुणा हळदीचा खरेदीदार. त्याने नंबर द्यायला चार दिवस उशीर केला की माणूस ओली हळद त्याच्याच दारात आणून टाकणार, तो म्हणेल त्या भावाने. बॉयलरच्या भाड्यात त्याला काही रस नव्हता. त्याला तो उशीर विकत हवा होता.

हे मला माहीत होतं. मी ठराव क्रमांक सहा लिहिला, नावं भरली, शाई वाळवली.

माझ्या लक्षात आलं नव्हतं ते असं, की नोटीस शाळेच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मीच चिकटवली होती आणि सभेचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांपुढे ती आठ दिवस होती. त्या बायका नुसत्या स्वयंपाकीण नव्हत्या, सभासद होत्या. काही वर्षांपूर्वी कसल्याशा अनुदानासाठी महिला सभासद दाखवायच्या होत्या, तेव्हा अण्णांनी चाळीस जणींच्या नावावर संस्थेचे भाग, म्हणजे शेअर, घेतले. अनुदान आलं. बायका यादीत राहिल्या आणि दरवर्षी सभेच्या दिवशी चुलीवर राहिल्या. त्यांच्यात एकच वाचणारी होती, अंगणवाडीची शोभा. तिने तांदूळ निवडता निवडता नोटीस मोठ्याने वाचली. वरचे विषय वाचले आणि, इथे अण्णांचं नशीब फिरलं, तळाचं बारीक वाक्यही वाचलं.

साडेअकराला पाच मिनिटं होती. मी वही उघडून सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या करत होतो. अण्णा कधी वाचत नसत. फुली दिसली की सही करत.

दारात सावली आली. मग आणखी. बायका आत शिरल्या. अकरा जणी. पदराला पीठ, कपाळाला घाम, हात अजून ओले. मला वाटलं डबे मागायला आल्या.

"डबे तिकडं पंगतीत आहेत," मी म्हणालो.

"डबा राहू दे," मथुराबाई म्हणाल्या आणि पोत्यावर बसल्या. "किती वाजले रे श्रीरंगा?"

"साडेअकराला दोन कमी."

"मग बसतो."

सगळ्या बसल्या. दोन मिनिटं पदराचं पीठ झटकण्यात गेली. मथुराबाईंचा नवरा पुण्याकडे कुठल्याशा सोसायटीत वॉचमन होता, वीस गुंठ्यांची हळद त्या एकट्या बघायच्या. मला त्या लहानपणापासून ओळखत. त्यामुळे मी हसून बघितलं. त्यांनी हसून बघितलं नाही.

"झाले का साडेअकरा?"

"झाले."

"कर मग सुरू."

"काय?"

"तहकूब सभा."

"काकू, अध्यक्ष नाहीत. अध्यक्षांशिवाय..." इथे माझ्यातला बी.ए. जागा झाला आणि मला नियम येतो हे दाखवायची खुमखुमी आली. "अध्यक्ष नसतील तर हजर सभासदांनी आपल्यातला एक अध्यक्ष निवडावा लागतो. असं लगेच थोडंच होतं."

"असं होय." त्यांनी मागे वळून विचारलं, "केवळाबाई, बसती का?"

केवळाबाई सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या उठल्या, अण्णांची खुर्ची पदराने पुसली आणि तिच्यात मांडी घालून बसल्या. "लई खोल हाय गं ही," त्या म्हणाल्या. "म्हणून त्याला झोप येती."

बायका हसल्या. मी दाराकडे बघत होतो.

"अण्णा येतील आता," मी म्हणालो.

"नाई यायचे. शोभा वाढायली. तिला म्हणलं, आग्रह करकरून वाढ. दुसरी पोळी खाली की तिसरीवर तूप, अन् तिसरी खाली की 'अण्णा, एवढी आमच्या हातची'. उठू दिलं तर तुझी पाळी पुढल्या साली भांड्यावर." मग त्यांनी बोट वहीकडे केलं. "काय लिवलंय ते वाच."

"अजून सभाच व्हायचीय, काकू. लिहिलेलं काही..."

"पान भरलेलं दिसायलंय."

मी वाचलं. पहिला, दुसरा, तिसरा. भरभर, एका सुरात. सहाव्याला आवाज अजून खाली आणला. "...सदर यंत्रसामग्री नऊ वर्षांचे कराराने भाडेपट्ट्याने देण्यात यावी असा ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला."

"कुणी मांडला?"

"सभेने."

"सभेला तोंड असतं का? नाव सांग. दरएकाखाली नाव वाचलंस, ह्याच्याखाली नाई वाचलं."

मी वहीत बघत राहिलो. त्या वर्षी तालुक्याहून सूचना आली होती की कारभारात महिलांचा सहभाग दिसला पाहिजे. मी तो दाखवला होता. यादीत महिला सभासदांत जे नाव मला आधी सापडलं ते मी उचललं होतं. अनुस्वार नीट, वेलांट्या नीट.

"सूचक," मी म्हणालो, "मथुराबाई सावळे."

गोदामात वटवाघळांचा वास असतो. तो मला तेव्हा पहिल्यांदा आला.

"मी?"

"हो."

"म्हणजे बॉयलर त्या मेहुण्याला द्या, असं मी म्हणलं."

"कागदावर."

"कवा म्हणलं मी?"

केवळाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "म्हणली असशील गं. पोळ्या लाटताना माणूस कायबी बडबडतं."

कुणी हसलं नाही. मथुराबाईंनी हात पदराला पुसले. बराच वेळ पुसले.

"मांडलेलं परत घेता येतं का?"

हाही नियम मला येत होता. या वेळी सांगायची खुमखुमी नव्हती, पण अकरा जणी बघत होत्या.

"सूचकाला ठराव मागे घेता येतो. सभेची संमती लागते."

"कोण कोण संमती देतं?" मथुराबाईंनी विचारलं. दहा जणींचे हात वर झाले. केवळाबाईंनी दोन्ही केले.

"लिव."

(आता थोडा थांबतो. मी हल्ली प्रशिक्षणं घेतो. शेतकरी संस्थांचे वित्तीय व्यवस्थापन आणि सुशासन. जिल्ह्याजिल्ह्यांत जातो, व्याख्यानाचं मानधन मिळतं, जेवण मिळतं, पंखा असतो. दुपारच्या सत्रात लोक पेंगायला लागले की मी ही गोष्ट सांगतो. गोष्ट इथे आली की मी खिशातलं पेन काढून हातात धरतो आणि म्हणतो, "मित्रहो, नोकरी एका बाजूला होती आणि सत्य एका बाजूला. मी पेन उचललं आणि जे घडलं तेच लिहिलं." टाळ्या पडतात. एका ठिकाणी शाल मिळाली. श्रीफळ सगळीकडेच मिळतं.)

विषय क्र. ७ : ऐन वेळी येणारे विषय.

तसं घडलं नाही.

मी पेन उचललं, एवढं खरं. मग मी हिशेब केला. शोभा पलीकडे होती, पोळी वाढत. इथल्या अकरा जणींत एकीलाही वाचता येत नव्हतं. दोघीतिघींना सही यायची, ती चित्र काढल्यासारखी. या बायका आणि माझं अक्षर, मधे कोणी नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं. दोन्ही घरं राखता येणार होती.

ठरावाच्या खाली मी सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं: "सदर विषयावर अधिक चर्चा होऊन पुढील सर्व कार्यवाहीचे अधिकार मा. अध्यक्षांना देण्यात आले."

"वाच," मथुराबाई म्हणाल्या.

मी वही समोर धरली आणि वाचलं, "सदर ठराव सूचक मथुराबाई सावळे यांनी मागे घेतला असून तो सभेच्या संमतीने रद्द करण्यात आला आहे."

"बरं." त्यांनी मान हलवली. मी टोपण लावायला लागलो.

"आता परत वाच."

"काकू, वाचलं की."

"वाच की पुन्यांदा. वाचायला काय पैसे पडतात?"

मी वहीत बघितलं. तिथे दुसरंच वाक्य होतं, माझ्या मोत्यांनी भरलेलं. मघाशी मी काय म्हणालो होतो ते आठवायला लागलो. "सदर ठराव," मी म्हणालो, "सूचक मथुराबाई सावळे यांनी परत घेतल्यामुळे... सर्वांच्या संमतीने निकालात काढण्यात येत आहे."

केवळाबाई हलल्या. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मथुराबाई शांत होत्या.

"मघाशी 'रद्द' होतं."

"तेच ते. अर्थ एकच आहे."

"अर्थ असू दे एक. मघाशी 'मागे' होतं, आता 'परत' झालं. मघाशी 'सभेच्या' होतं, आता 'सर्वांच्या' झालं. कागदावर लिवलंय का तू मनानं म्हणायलास?"

मी टोपण काढून परत लावलं.

"माझ्या मायच्या जात्यावरच्या ओव्या मला येतात," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "चाळीस-पन्नास असतील. चाळीस वर्षं झाली, एक सबूद हलला नाई. त्या तर कुणी लिवल्यापण नाईत. तू लिवलेलं वाचायलास अन् दोनदा दोन वाचलंस. परत वाच, श्रीरंगा. तिसऱ्यांदा."

तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जागच्या उठल्या, माझ्या शेजारी येऊन खाली बसल्या आणि वहीत बघायला लागल्या. वाचता येत नसलेलं माणूस अक्षरांकडे बघतं तेव्हा कसं बघतं, ते मी तोवर पाहिलं नव्हतं. पेरलेल्या वावराकडे बघतात तसं, कुठे उगवलं, कुठे नाही.

"कोणतं खोटं आहे, बोट ठेव."

मी बोट ठेवलं.

"खोड."

मी खोडलं.

"आता खरं लिव. अन् लिवताना एकेक सबूद तोंडानं म्हण."

मी म्हणत म्हणत लिहिलं. पाटीवर गिरवावं तसं. मग त्यांनी तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा शब्द जागेवर होते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बायका माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या. त्यांचं पाठ झालं होतं. खाली केवळाबाईंनी अध्यक्ष म्हणून अंगठा उठवला, बाकीच्यांनी पुढच्या पानावर ओळीने.

"शाईचा हात पोळीला लागंल गं," कोणीतरी म्हणालं. त्या उठल्या आणि ओढ्याकडे चालू लागल्या. मथुराबाई शेवटी निघाल्या. दारात थांबल्या.

"पंगतीला ये," त्या म्हणाल्या. "उपाशी राहू नको."

मी गेलो नाही. वही मिटून बसलो. त्या पानांना क्रमांक होते. फाडलं असतं तर दिसलं असतं, आणि वर अकरा जणींना ते पाठ होतं.

साडेबाराला अण्णा आले. तुपाने ओठ चकाकत होते. चालताना पोट आधी येत होतं, मग ते.

"झालं?"

"झालं, अण्णा."

"किती रे बाबा खायला घातलं," ते खुर्चीत कोसळले. "ती शोभा तर ऐकतच नव्हती. आण."

मी वही पुढे केली. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. मला भीती वाटत होती. आणि गोदामात सभा झाली, मी ती होऊ दिली, हे सांगायला पहिलं वाक्य सापडत नव्हतं. त्यामुळे मी फुलीवर बोट ठेवलं. अण्णांनी पान उलटलं आणि त्यांना अंगठे दिसले. निळे, ओळीने, काही पिठाने फिकट झालेले.

"हे काय?"

"महिला सभासद. हजर होत्या."

"कुठं गाठलंस?"

"इथंच आल्या होत्या."

"हे बेस केलंस," ते म्हणाले. "वर दाखवायला होतं." आणि जांभई देत त्यांनी फुलीवर सही केली. खोडलेल्या ओळीवर त्यांचं मनगट होतं.

डिसेंबरात मेहुण्याने करारासाठी ठरावाची नक्कल मागितली. मी नक्कल केली, एक शब्द इकडेतिकडे न करता. ती त्याने वाचली. अकरा वर्षांत आमच्या संस्थेचा ठराव सही करण्याआधी वाचणारा तो पहिला माणूस. मग अण्णांनी वाचला, खाली स्वतःची सही बघितली आणि मला विचारलं, "हे कोणी लिवलं?" अक्षर सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

त्यांनी ठराव पुन्हा आणायला जानेवारीत विशेष सभा बोलावली. जेवण ठेवलं नाही, म्हणजे कोणी येणार नाही. पण बायकांनी तो ठराव घरोघर पाठ म्हणून दाखवला होता. दोनशे माणसं आली आणि त्यांनी ठराव मोठ्याने वाचायला लावला. दोनदा. बॉयलर संस्थेकडे राहिला. मला आठवड्याभरात काढलं. कारण लिहिलं होतं : दप्तरात खाडाखोड. ते मात्र खरं होतं.

विषय क्र. ८ : आभार.

फेब्रुवारीत मी बॉयलरवर गेलो. आमची सहा पोती हळद होती, पण खरं कारण ते नव्हतं. मथुराबाई आपल्या ढिगाजवळ बसून कंद निवडत होत्या. वाफ अंगावर येत होती.

"काकू, तुमच्यापायी नोकरी गेली माझी."

"आमच्यापायी?" त्यांनी वर बघितलं नाही.

"मी लिहिलं म्हणून हा बॉयलर इथं उभा आहे. एवढं तरी गावाने म्हणावं."

"म्हणायलंय की गाव. श्रीरंगानं लिवलं, घाबरला नाई, म्हणायलेत सगळे." त्यांनी एक किडका कंद बाजूला टाकला. "तुझी माय आली होती परवा. हितंच बसली होती. 'माझ्या लेकानं नोकरीवर पाणी सोडलं पण खोटं लिवलं नाई,' असं म्हणायली होती. मला म्हणली, 'खरं का नाई गं मथुरा, तू तर होतीस.'"

मी तो किडका कंद उचलला.

"काय म्हणालात तुम्ही?"

"खरं आहे म्हणलं."

"आणि त्या बाकीच्या?"

"सगळ्याजणींना सांगितलंय मी. तुझी माय हाय तंवर कुणी तोंड उघडायचं नाई." आता त्यांनी वर बघितलं. "तुझ्यासाठी नाई सांगितलं ते. चल सरक, नंबर आलाय माझा."

सोळा वर्षं त्या अकराजणींतली एकही बोलली नाही. केवळाबाई तर न बोलता वारल्या. मी मात्र बोलत राहिलो, पंख्याखाली, पेन हातात धरून, जिल्ह्याजिल्ह्यांत. आई आल्यागेल्याला शाल दाखवायची.

ती गेल्या चैत्रात गेली.